पहिला आकडा हवेचा, दुसरा इंजिनाचा

"उन्हाळा तोंडावर आलाय, जरा जाडच ऑइल टाका." ऑइल बदलायच्या वेळी हे वाक्य हमखास कानावर पडतं. सांगणारा आपुलकीनं सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं, कारण उन्हानं तेल पातळ होतं हे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. समोर बॉनेट उघडं असतं, ऑइल भरायच्या झाकणावर ५डब्ल्यू-३० असं ऑइलचं ग्रेड ठळक कोरलेलं असतं, आणि कॅनमधून आत चाललेलं असतं त्याहून जाड २०डब्ल्यू-५०. गाडी सुरू होते. आवाज उलट थोडा मऊ वाटतो, टॅपेटची टकटक दबल्यासारखी होते, मालक समाधानानं निघून जातो. लगेच काहीच बिघडत नाही, म्हणून तर हा सल्ला इतकी वर्षं टिकून आहे. जे बिघडतं ते सावकाश, आणि तोवर ऑइलचा संशय कुणाला येत नाही.

या सल्ल्याला मुळात अर्थ होता, हे आधी मान्य करायला हवं. ऑइलच्या घट्टपणाची एसएईची (अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची) वर्गवारी १९११ सालची. पुढे कितीतरी वर्षं ऑइल एकाच आकड्याचं असायचं: २०, ३०, ४०, ५०. थंडीत पातळ घालायचं, ऊन वाढलं की काढून जाड घालायचं. इंजिनांच्या फटी सैल असत, बरीच इंजिनं वाऱ्यावरच थंड होत, आणि ऋतू बदलला की इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल बदलणं हा काटेकोर माणसाचा रिवाज होता. दोन आकड्यांचं मल्टिग्रेड ऑइल रुळलं, फटी आवळल्या, इंजिनाचं तापमान राखणारे थर्मोस्टॅट अचूक झाले, पण सल्ला होता तिथेच राहिला. जुन्या मेकॅनिकला यावरून हसणं मला पटत नाही. त्याच्या हाताखालून गेलेल्या इंजिनांना तो नियम लागू होता. आज समोर असलेल्या इंजिनाला लागू नाही, एवढंच.

डब्यावरच्या आकड्यांचा एक गैरसमज फार खोल गेलेला आहे. ५डब्ल्यू-३० म्हणजे थंडीत पाचासारखं पातळ आणि गरम झाल्यावर तिसासारखं जाड, असं अनेकांना वाटतं. असं ऑइल अस्तित्वात नाही. कुठलंही ऑइल थंड असताना जाड आणि तापल्यावर पातळच असतं. साधारण ५डब्ल्यू-३० चा घट्टपणा १०० अंशांवर १०-११ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असतो, ४० अंशांवर ६०-७०, आणि २० अंशांवर दीडशेच्या पुढे. मल्टिग्रेड ऑइल तापताना एकेरी ऑइलपेक्षा कमी वेगानं पातळ होतं, एवढीच त्याची करामत. शिवाय दोन आकडे दोन वेगळ्या कसोट्यांचे आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ठरतो कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या बऱ्याच खाली. नंतरचा आकडा ठरतो १०० अंशांवर: ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक. या दोन आकड्यांची आपसात तुलनाच होत नाही.

आता उन्हाचं बघू. बाहेर ४५ अंश असोत की १५, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट ८२ ते ९५ अंशांच्या आसपास उघडतो आणि रेडिएटरचा पंखा उरलेलं सांभाळतो. चेंबरमधलं ऑइल अर्ध्या तासात ९० ते ११० अंशांच्या पट्ट्यात येतं आणि बहुतेक वेळ तिथेच राहतं. हवेत तीस अंशांचा फरक पडला म्हणून ऑइलमध्ये तीस अंशांचा फरक पडत नाही. कूलिंग व्यवस्था धडधाकट असेल तर तो फरक थोड्या अंशांवर येऊन थांबतो. पिस्टनच्या रिंगांपाशी तापमान २०० अंशांच्या वर असतं, तिथे बाहेरच्या उन्हाची बातमीसुद्धा पोचत नाही. दुसरा आकडा इंजिन बनवणाऱ्यानं फटी, पंप, बेअरिंगची रुंदी आणि येणारा भार पाहून ठरवलेला असतो. तो हवामान खात्याच्या अंदाजावर बदलायचा नसतो.

हवामानाचा खरा प्रश्न पहाटेचा आहे.

रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीतलं ऑइल आठ-दहा तासांत हवेच्या तापमानाला येऊन बसतं. पहिला सेल्फ मारला जातो तेव्हा दोन गोष्टी एकामागोमाग घडायला हव्यात: इंजिन पुरेशा वेगानं फिरायला हवं, आणि पंपानं चेंबरच्या तळातून ऑइल ओढून वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवायला हवं. डब्ल्यूचा आकडा या दोन्हींची हमी देतो. इंजिन फिरवण्याची कसोटी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर घेतात, ५डब्ल्यूसाठी उणे ३० वर, १०डब्ल्यूसाठी उणे २५, १५डब्ल्यूसाठी उणे २० आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ वर. पंपानं ऑइल ओढलं जातं का, हे त्याहूनही पाच अंश खाली तपासतात, आणि तिथे घट्टपणा ६०,००० मिलिपास्कल-सेकंदांच्या (हे घट्टपणाचं दुसरं एकक) पुढे जाऊन चालत नाही. हा पाच अंशांचा फरक विचारपूर्वक ठेवलेला आहे. इंजिन फिरायलाच नकार देत असेल तर माणूस वैतागतो, पण इंजिन वाचतं. इंजिन सुरू झालं आणि ऑइल मात्र वर आलंच नाही, तर मिनिटभरात बेअरिंग जळतात.

हे कागदावरचं भय नाही. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या सू फॉल्स भागात इंजिनं अशीच गेली. ऑइल त्या काळच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेलं होतं. पण चाचणीत ते झटपट थंड केलेलं, आणि प्रत्यक्षात मात्र थंडी सावकाश उतरत गेलेली. सावकाश थंड होताना ऑइलमधल्या मेणाला स्फटिकांची जाळी विणायला उसंत मिळाली आणि ऑइल गोठून बसलं. पंपानं तोंडाजवळचं तेवढं ओढलं, आणि चिखलातून पाय उपसल्यावर खड्डा तसाच राहावा तसा खड्डा ऑइलमध्ये राहिला. भोवतीचं ऑइल आत सरकलंच नाही, पंप हवा ओढत राहिला. त्यानंतर पंपाची चाचणी दोन दिवसांच्या सावकाश थंडाव्यानं घ्यायची पद्धत आली. डब्यावरच्या एका लहानशा '५डब्ल्यू'मागे ही किंमत मोजलेली आहे, हे लक्षात राहिलं तर तो आकडा नुसता वाचून सोडवत नाही.

निवड करताना म्हणून दुपारचं कमाल तापमान विसरा आणि एकच प्रश्न विचारा: या ऑइलच्या आयुष्यात, म्हणजे पुढच्या बदलापर्यंत, ही गाडी सगळ्यात थंड अशी कुठली पहाट पाहणार आहे? राहत्या जागेची पहाटही मोजा आणि मधे डोंगरावर मुक्काम होणार असेल तर तिथलीही. त्या तापमानाच्या खाली निदान दहा अंशांची जागा उरेल असा डब्ल्यू घ्या. कसोटीचं तापमान ही टोकाची मर्यादा आहे, रोजच्या वापराची नव्हे. शिवाय उणे १८ च्या आसपास लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर आलेली असते आणि ऑइल वापरून जुनं होताना थंडीत अधिक घट्ट होत जातं. पहाट कधीच पाच अंशांखाली जात नसेल तर सेल्फ फिरण्यापुरतं १५डब्ल्यू किंवा २०डब्ल्यूनंही भागतं. पाणी गोठणाऱ्या पहाटेला १०डब्ल्यू, उणे दहा-पंधरा नेहमीचं असेल तिथे ५डब्ल्यू, आणि त्याच्याही खाली उतरणाऱ्या प्रदेशात ०डब्ल्यू. हँडबुकात तापमानाच्या पट्ट्यांचा तक्ता असतो तो हेच सांगतो: पट्टीचं डावं टोक डब्ल्यूवर ठरतं, आणि अनेक तक्त्यांत उजव्या टोकाला नुसता बाण असतो, म्हणजे वर मर्यादा नाही. उष्ण प्रदेशातल्या वाचकानं तो बाण नीट पाहावा.

मग उबदार प्रदेशात ५डब्ल्यू-३० ऐवजी १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घालायला हरकत काय, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की इंजिनाच्या दृष्टीनं तीस अंशांची पहाटसुद्धा थंडच. चालत्या गरम ऑइलच्या मानानं ते ऑइल तेव्हा कितीतरी पट घट्ट असतं. ४० अंशांवर ५डब्ल्यू-३० साठ-सत्तर सेंटिस्टोक, तर २०डब्ल्यू-५० एकशे साठ-सत्तर. म्हणजे सुरुवातीची पाच-दहा मिनिटं, ज्या वेळी झीज सर्वांत जास्त होते, तेव्हा दुसरं ऑइल अडीच पट जड असतं. लहान लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं अर्धं आयुष्य याच मिनिटांत जातं. तक्त्यानं १५डब्ल्यूला परवानगी दिली असेल तर खुशाल वापरा. दिली नसेल तर हवा उबदार आहे ही सबब पुरत नाही.

जाड ऑइल आत गेल्यावर नेमकं काय होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट साधारण ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर. या फटीतून ऑइलचा सतत प्रवाह जातो. तो धातूला धातूपासून वेगळं ठेवतो आणि उष्णताही घेऊन जातो. ऑइल जाड झालं की मीटरवर दाब चढतो आणि बघणाऱ्याला बरं वाटतं. पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, उघडतो, जादा ऑइल बेअरिंगकडे न जाता तिथूनच चेंबरमध्ये परत फिरतं, आणि फटीत शिरलेलं जाड ऑइल स्वतःच्याच घर्षणानं जास्त तापतं. तिकडे फिल्टरच्या कागदावरचा दाबातला फरक एक बारच्या आसपास गेला की बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट आत जातं. थंड सकाळी हे रोज होऊ शकतं. कॅमशाफ्टची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. तिच्या बारीक जाळ्या आणि सोलेनॉइड ठराविक घट्टपणाचा हिशोब धरून बनवलेले असतात. ऑइल जड पडलं की ती उशिरा हलते, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) अपेक्षित कोन वेळेत मिळत नाही आणि इंजिनाचा दिवा लागतो. मग सेन्सर बदलला जातो, वायरिंग तपासलं जातं, सोलेनॉइड नवा येतो. चेंबरमध्ये कुठलं ग्रेड आहे, हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं. टर्बोची तर आणखी घाई: त्याची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि ऑइल उशिरा पोचणं तिला परवडत नाही.

पातळ ऑइलची भीतीही निराधार नाही, आणि इथे माझं मन थोडं दुभंगतं. ०डब्ल्यू-२० आणि ०डब्ल्यू-१६ ही ग्रेड आली त्यामागे इंधन वाचवण्याचा दबाव मोठा आहे. बचत लहान असते, एखाद-दोन टक्क्यांची, पण लाखो गाड्यांवर ती मोठी होते. एकाच इंजिनाच्या हँडबुकात एका देशात फक्त पातळ ग्रेड लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या देशात तीन-चार ग्रेडांना मुभा असते, हे पाहिलं की शंका येणारच. पण अशा इंजिनांचे बेअरिंग, पंप आणि रिंगा त्या ऑइलसाठी घडवलेल्या असतात, हेही तितकंच खरं. माझं मत असं: आपल्या हँडबुकात पट्टा दिला असेल तर त्या पट्ट्याच्या आत भाराप्रमाणे जाड टोकाकडे जा, बाहेर जाऊ नका. एकच ग्रेड दिलं असेल तर तेच घाला आणि बदलायचं अंतर थोडं कमी करा. दहा हजार किलोमीटरऐवजी सात हजारांवर बदललेलं योग्य ऑइल हे दहा हजारांवर ताणलेल्या जाड ऑइलपेक्षा इंजिनाला अधिक मानवतं.

उष्णतेची खरी काळजी असेल तर आकड्याच्या पलीकडे बघावं लागतं. १५० अंशांवर, वेगानं घुसळलं जात असताना ऑइल किती घट्ट राहतं, याची वेगळी कसोटी आहे. तिला एचटीएचएस म्हणतात. बेअरिंगमध्ये भार पेलायचं काम प्रत्यक्षात याच घट्टपणावर चालतं. शेल्फवर दोन डबे शेजारी असतात, दोन्हींवर ५डब्ल्यू-३०. एकावर एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) ए५/बी५ असा दर्जा लिहिलेला, तिथे हा आकडा २.९ ते ३.५ मिलिपास्कल-सेकंदांच्या मध्ये. दुसऱ्यावर सी३ लिहिलेलं, तिथे तो किमान ३.५. ग्रेड एकच, भर उन्हात भरलेला ट्रेलर ओढताना वागणं वेगळं. दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची: २५० अंशांवर तासभर ठेवून किती टक्के ऑइल उडून जातं हे मोजतात, आणि ए३/बी४ सारख्या दर्जात ते १३ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. गाडी ऑइल पिते अशी तक्रार उन्हाळ्यात वाढत असेल तर जाड ग्रेडकडे धावण्याआधी हा आकडा कमी असलेलं त्याच ग्रेडचं ऑइल घालून बघावं. मात्र डिझेल गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवून जाळणारा फिल्टर) असेल तर त्याला चालणारा कमी राखेचा दर्जा सोडून इकडे-तिकडे जाऊ नये.

जिथे ऊन खरोखर दुसऱ्या आकड्यापर्यंत पोचतं, अशी एक जागा आहे: वाऱ्यावर थंड होणारं इंजिन. मोटारसायकल, स्कूटर, जनरेटर. यात थर्मोस्टॅट नसतो, त्यामुळे हवा तापली की ऑइलही तापतं. गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ते १२०-१३० अंशांवर सहज चढतं. १०० अंशांच्या पुढे ढोबळमानानं पंधरा अंश वाढले की ऑइल एक ग्रेड पातळ झाल्यासारखं वागतं. म्हणून अशा इंजिनांच्या तक्त्यात वरच्या तापमानालाही मर्यादा असते, आणि तिथे ऋतूप्रमाणे ४० किंवा ५० कडे जाणं योग्यच आहे. पण बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा एकाच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल त्यात घातलं तर क्लच घसरू शकतो: रेस वाढते, गाडी ओढत नाही. डब्यावर जासो (जपानी वाहन मानक) एमए किंवा एमए२ हवं. एमबी हे स्वयंचलित स्कूटरसाठी.

आणखी एक गोष्ट लोक सहसा धरत नाहीत. डब्यावर लिहिलेलं ग्रेड हे नव्या ऑइलचं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातलं अंतर जितकं मोठं, तितकं घट्टपणा टिकवणारं पॉलिमर साधारणपणे त्यात जास्त, आणि गिअरचे दाते व कॅम ते पॉलिमर तोडत राहतात. पाच हजार किलोमीटरनंतर ५डब्ल्यू-३० चा १०० अंशांवरचा घट्टपणा ८.८ वर आलेला असेल तर ते आता २० ग्रेडमध्ये उतरलेलं आहे. थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, लहान फेऱ्या आणि थंड हवा असेल तर, इंधनही ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर कारण हेच. डीपीएफ असलेल्या डिझेलमध्येही पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलेल्या सफाईमुळे असंच होतं. उलट काजळी साचून आणि जळून ऑइल जाडही होतं. थंड प्रदेशात झाकणाच्या आत पिवळसर मलईसारखा थर दिसला तर ती न उडालेली वाफ असते. एखादी तासाभराची मोकळी फेरी झाली की तो बहुधा जातो. कूलंट कमी होत असेल तर मात्र गॅस्केट तपासायला हवं.

ग्रेड बदललंच, तर पुढचे काही दिवस कान आणि डोळे उघडे ठेवा. पहाटे सेल्फचा आवाज जड होतो का. सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा विझायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का. हा दिवा ०.३ ते ०.५ बारच्या खाली लागतो, म्हणजे तो विझला याचा अर्थ दाब पुरेसा आहे असा नव्हे, अगदीच नाही असं नाही, एवढाच. लांबच्या फेरीनंतर गरम इंजिन आयडलवर असताना तो लुकलुकला तर ऑइल जास्त पातळ आहे, पातळी कमी आहे किंवा बेअरिंग झिजलेले आहेत. आधी काडी बघा. सुरू केल्यावर उभ्या उभ्या रेस मारू नका, आणि दहा मिनिटं नुसतं चालूही ठेवू नका. अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायानं चालवा. ऑइल त्यानंच लवकर तापतं.

वाटेत पातळी कमी आढळली आणि नेमकं ग्रेड मिळालं नाही, तर अडून बसायचं कारण नाही. त्याच दर्जाचं शेजारचं ग्रेड अर्धा लिटर घातल्यानं इंजिनाचं काही बिघडत नाही. चार लिटरांच्या ५डब्ल्यू-३० मध्ये अर्धा लिटर १०डब्ल्यू-४० मिसळलं तर गरम घट्टपणा थोडा वर जाईल आणि कडक थंडीतली हमी थोडी कमी होईल. कमी ऑइलवर चालवणं याच्या कितीतरी पट वाईट. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, काडी पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. बहुतेक कारमध्ये दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं, तेव्हा पाव-पाव लिटर ओतत जा. वरची खूण ओलांडली तर क्रँक ऑइल घुसळून त्याचा फेस करतो, आणि मग ग्रेड कितीही अचूक निवडलेलं असलं तरी पंपाला मिळते ती निम्मी हवाच.